गणवेशावरच्या गोळ्या : कापडाच्या कसोटीमागचे शास्त्र

पावसाळ्याच्या तोंडावर शिवून आणलेला शाळेचा गणवेश दिवाळीपर्यंत कोणत्या अवस्थेस पोहोचतो, हे गोव्यातील घराघरांत ठाऊक आहे. रंग बहुधा टिकलेला असतो, इस्त्रीची घडीही पुरती मोडलेली नसते. मात्र दप्तराचा पट्टा जिथे खांद्यावर घासतो तिथे, बाकावर टेकणाऱ्या कोपरांवर आणि पँटच्या मांड्यांच्या आतल्या बाजूस बारीक बारीक गोळ्या धरलेल्या दिसतात. कापड कुठे फाटलेले नसते की विरलेले नसते. तरीही ते जुने, मळकट आणि हलक्या प्रतीचे वाटू लागते, आणि वर्ष अर्धे उरलेले असताना दुसरा जोड शिवण्याचा खर्च पालकांपुढे उभा राहतो. दुकानदार म्हणतो, मुले फार दांडगाई करतात. शिंपी म्हणतो, कापडच तसे होते. धुण्याची पावडर, यंत्राची घुसळण, विहिरीचे जड पाणी असे आणखीही आरोपी पुढे केले जातात.

या गोळ्यांना वस्त्रोद्योगात ‘पिलिंग’ म्हणतात. एखादे कापड वापरात किती गोळ्या धरील, हे ते शिवण्यापूर्वीच बऱ्याच अंशी सांगता येते. त्यासाठी ठरावीक यंत्रे आहेत, आंतरराष्ट्रीय आणि भारतीय मानके आहेत, आणि एक ते पाच अशी गुणांची पट्टीही आहे. गणवेशाचे कापड निवडणाऱ्यांच्या हाती हा गुण क्वचितच येतो, ही गोष्ट वेगळी.

गोळी बनते कशी, ते आधी पाहू. कापडातील सूत हा एकसंध दोरा नसतो. शेकडो आखूड तंतू एकमेकांभोवती पिळून ते तयार झालेले असते. तंतूंना धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे केवळ पीळ आणि त्या पिळामुळे तंतूंमध्ये होणारे घर्षण. कापड कशावर तरी घासू लागले की काही तंतूंची टोके सुतातून बाहेर सरकतात आणि पृष्ठभागावर लव उभी राहते. घर्षण चालूच राहिले तर ही मोकळी टोके एकमेकांत गुंततात, वळतात आणि त्यांचा लहानसा गोळा होतो. हा गोळा कापडावर नुसता पडलेला नसतो. त्यातील काही तंतूंची दुसरी टोके अजून सुतातच रुतलेली असतात, आणि नांगर टाकलेल्या होडीसारखा तो जागच्या जागी डुलत राहतो. म्हणूनच गोळी झटकून जात नाही. ओढली तर आतले आणखी तंतू बाहेर काढते आणि पुढच्या गोळीची सोय करून ठेवते.

टोके किती असतात याचा थोडा हिशेब केला तर प्रश्नाचा आवाका कळतो. शर्टाच्या कापडात सर्रास वापरले जाणारे तीस काउंटचे सूत घेतले आणि त्यातील तंतू दीड डेसिटेक्स जाडीचे धरले, तर सुताच्या कोणत्याही आडछेदात सुमारे १३० तंतू सापडतात. प्रत्येक तंतू ३८ मिलिमीटर लांबीचा असेल, तर एक मीटर सुतात साधारण ३,४०० तंतू येतात, म्हणजे जवळजवळ सात हजार टोके. हेच तंतू ५१ मिलिमीटरचे असतील तर टोकांची संख्या पाच हजारांच्या आसपास उतरते. लांब तंतूंच्या कापडाला गोळ्या कमी येतात, त्याचे मुख्य कारण हेच. कापूस विंचरून आखूड तंतू काढून टाकलेल्या ‘कोम्बड’ सुताला जास्त भाव मिळतो, त्यामागेही हा हिशेब आहे. ज्या धाग्यात तंतूची लांबी संपतच नाही, त्या रेशमाच्या किंवा फिलामेंट पॉलिएस्टरच्या कापडावर गोळ्यांचा उपद्रव फारच थोडा असतो.

मग सुती कापडावर गोळ्या का राहत नाहीत? त्याचे तंतूही आखूडच असतात. सुती कापडावरही लव उठते आणि गोळ्याही बनतात. फरक पुढच्या टप्प्यावर पडतो. कापसाचा तंतू वारंवार वाकवला की तुटतो. गोळीला धरून ठेवणारे तंतू झिजून तुटले की गोळी आपोआप गळून पडते आणि पृष्ठभाग पुन्हा स्वच्छ होतो. लोकरीचेही थोड्याफार फरकाने तसेच आहे. पॉलिएस्टर, नायलॉन आणि ॲक्रिलिकचा तंतू मात्र कापसापेक्षा आणि लोकरीपेक्षा कैक पटींनी अधिक वेळा वाकूनही तुटत नाही. तिथे गोळी तयार होते, पण गळत नाही. मिश्र कापडात तर दोन्ही स्वभावांचा वाईट संगम होतो. कापूस किंवा व्हिस्कोस लव पुरवते आणि पॉलिएस्टर ती बांधून ठेवते. गणवेशाचे बहुतेक कापड पॉलिएस्टर-व्हिस्कोस किंवा पॉलिएस्टर-कॉटन याच जातीचे असते. त्याच्या काठावर छापलेले ६५ आणि ३५ यांसारखे आकडे त्या मिश्रणाचे प्रमाण सांगतात. गोळ्यांविषयी ते काही बोलत नाहीत.

या कापडाला नावे ठेवण्याआधी एक गोष्ट मान्य करायला हवी. जुलै महिन्यात गोव्यात सुती गणवेश दोन-दोन दिवस वाळत नाही आणि त्याला कुबट वास येतो. टेरिकॉट रात्रीत वाळते, चुरगळत नाही आणि धाकट्या भावंडालाही पुरते. पालकांनी आणि शाळांनी ते निवडले ते अनाठायी नव्हे. ज्या चिवटपणामुळे ते टिकते, त्याच चिवटपणामुळे गोळी त्यावर टिकते. त्यामुळे प्रश्न पॉलिएस्टर असावे की नसावे हा नाही, तर त्याचे सूत कसे कातले आणि कापड कसे पूर्ण केले हा आहे.

कृत्रिम तंतूंपूर्वीही लोकरीच्या स्वेटरांना गोळ्या येत होत्या, पण तक्रारींचे स्वरूप गंभीर झाले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी पॉलिएस्टर तंतू शोधला आणि पुढे तो ‘टेरिलीन’ या नावाने बाजारात आला. त्याचे उत्पादन करणाऱ्या इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या नावानेच गोळ्यांच्या चाचणीचे एक यंत्र आजही ओळखले जाते. कापड-प्रयोगशाळांत त्याला ‘आयसीआय पिलिंग बॉक्स’ म्हणतात. ज्या कंपनीने कधीही न विरणारे कापड विकायला काढले, तिच्याच नावाने ते कापड किती विद्रूप होते हे मोजणारी पेटी ओळखली जावी, हा वस्त्रोद्योगाच्या इतिहासातील गमतीचा भाग आहे.

ही पेटी दिसायला अगदी साधी असते. चौकोनी पेटीच्या आतल्या सर्व भिंतींना बुचाचे अस्तर असते. चाचणीच्या कापडाचे १२५ मिलिमीटर बाजूचे चार चौकोनी तुकडे कापतात, ते शिवून नळीसारखे करतात आणि चार पॉलियुरेथेनच्या नळ्यांवर चढवतात. दोन तुकड्यांची शिवण ताण्याच्या दिशेने, तर दोघांची बाण्याच्या दिशेने असते, कारण एकच कापड दोन दिशांना वेगळे वागू शकते. नळ्या पेटीत सोडून पेटी मिनिटाला ६० फेऱ्यांच्या वेगाने फिरवतात. नळ्या आत गडगडतात, एकमेकींवर आणि बुचावर आपटतात व घासतात. वेगळी अट ठरलेली नसेल तर होजियरीच्या कापडासाठी ७,२०० आणि मागावर विणलेल्या कापडासाठी १४,४०० फेऱ्या दिल्या जातात, म्हणजे अनुक्रमे दोन आणि चार तास. होजियरीला फेऱ्या कमी, कारण तिच्या सैल फासांतून तंतू लवकर सुटतात. ताण्या-बाण्याच्या घट्ट गुंफणीत ते अधिक काळ दबून राहतात.

दुसरे यंत्र मार्टिनडेलचे. इंग्लंडमधील लीड्स येथे लोकरीच्या संशोधनसंस्थेत काम करणाऱ्या मार्टिनडेल यांनी १९४० च्या दशकात ते मुळात कापडाची झीज मोजण्यासाठी तयार केले. पुढे त्यात फेरफार करून ते गोळ्यांच्या चाचणीसाठी वापरात आले. यात कापडाचा एक गोल तुकडा खालच्या टेबलावर आणि त्याच कापडाचा दुसरा तुकडा वरच्या धारकात असतो. वरचा तुकडा खालच्यावर सरळ रेषेत पुढेमागे घासला जात नाही. त्याची वाट आधी वर्तुळाकार असते, मग ती हळूहळू चपटी होत लंबवर्तुळ बनते, त्यातून सरळ रेष होते आणि पुन्हा उलट क्रमाने वर्तुळाकडे परतते. त्यामुळे घर्षण सर्व दिशांनी होते. विणलेल्या कापडावर ४१५ ग्रॅम, तर होजियरीवर १५५ ग्रॅम वजन ठेवतात.

तिसऱ्या, अमेरिकेत अधिक रुळलेल्या पद्धतीत कापडाचे लहान तुकडे बुचाचे अस्तर असलेल्या दंडगोलात टाकतात आणि आतील पंख्याच्या पात्यांनी ते वेगाने उधळले जातात. तुकड्यांच्या कडा सुटू नयेत म्हणून त्यांना डिंकासारखे द्रव्य लावलेले असते. या दंडगोलात राखाडी रंगाच्या कापसाचा अगदी थोडा, २५ मिलिग्रॅम, भुगाही टाकतात. प्रत्यक्ष वापरात गोळीत बाहेरचा कचरा, दुसऱ्या कपड्याची लव अडकतेच. पांढऱ्या सदऱ्यावरच्या गोळ्या निळसर किंवा काळपट दिसतात, त्या याच कारणाने. यंत्रात ती परिस्थिती मुद्दाम निर्माण केली जाते.

तीनही पद्धती आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या १२९४५ क्रमांकाच्या मानकमालेत आल्या आहेत. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १०९७१ हे मानक याच विषयाचे आहे. तीन यंत्रांचे निकाल मात्र एकमेकांत बदलून घेता येत नाहीत. पेटीतून चार गुण घेऊन बाहेर पडलेले कापड मार्टिनडेलवर तीनवर घसरू शकते. म्हणून नुसता ‘पिलिंग ग्रेड ४’ असा उल्लेख अपुरा आहे. कोणत्या यंत्रावर आणि किती फेऱ्यांनंतर, हे सोबत नसेल तर त्या चाराला अर्थ राहत नाही.

यंत्राचे काम संपले तरी निर्णय यंत्र देत नाही. तो माणसाच्या डोळ्यांनी द्यावा लागतो. अंधाऱ्या खोलीत एक विशेष कपाट असते. त्यात चाचणी झालेला तुकडा आणि त्याच कापडाचा कोरा तुकडा शेजारी शेजारी ठेवतात. प्रकाश वरून न पाडता बाजूने, कापडाच्या पातळीशी अगदी थोडा कोन करून पाडला जातो, म्हणजे प्रत्येक गोळीची सावली लांब पडते आणि लपलेली गोळीही नजरेस येते. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात अंगणातला प्रत्येक खडा दिसतो, तसेच हे. परीक्षक ठरावीक अंतरावरून दोन्ही तुकड्यांची तुलना करतो आणि गुण देतो. पृष्ठभागात काहीही बदल नसेल तर पाच. किंचित लव किंवा अर्धवट बनलेल्या गोळ्या असतील तर चार. मध्यम लव वा मध्यम गोळ्या असतील तर तीन. स्पष्ट दिसणाऱ्या गोळ्या मोठ्या भागावर पसरल्या असतील तर दोन, आणि सगळा पृष्ठभाग दाट गोळ्यांनी भरला असेल तर एक. दोन पायऱ्यांच्या मधला निकाल ‘३-४’ असा लिहितात. एका डोळ्यावर भरवसा ठेवायचा नाही म्हणून किमान दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत, अशी शिफारस आहे.

तरीही अर्ध्या गुणाचा मतभेद होतोच. गडद रंगावर सावली हरवते, चौकटीच्या किंवा छापील कापडावर नक्षी डोळ्याला फसवते. छायाचित्र काढून संगणकाने गोळ्या मोजण्याच्या पद्धती विकसित झाल्या आहेत, पण कापडाची नक्षी आणि कापडावरची गोळी यांत फरक करणे यंत्रालाही सोपे नाही. आणि या अर्ध्या गुणावर बरेच अवलंबून असते. तयार कपड्यांचे अनेक मोठे खरेदीदार किमान ३-४ किंवा ४ गुणांची अट घालतात. तिरुपूरच्या किंवा लुधियानाच्या एखाद्या लहान कारखानदाराचा माल तीनवर अडकला तर संपूर्ण खेप नाकारली जाऊ शकते. अंधाऱ्या खोलीतील त्या एका कटाक्षाची किंमत अशा वेळी कळते.

चाचणी कोणत्या क्षणी थांबवावी, हा या विषयातला खरा कळीचा मुद्दा आहे. गोळ्यांची संख्या सतत वाढत जात नाही. आधी लव उठते, मग गोळ्या झपाट्याने वाढतात, एका शिखरावर पोहोचतात आणि मग जुन्या गळण्याचा वेग नव्या बनण्याच्या वेगाला गाठतो. सुती कापडात आलेख शिखरावरून खाली उतरतो. कणखर पॉलिएस्टरच्या मिश्रणात तो वर जाऊन तिथेच रेंगाळतो. आता केवळ शेवटचाच निकाल पाहिला, तर मधल्या काळात भरपूर गोळ्या धरून नंतर त्या गाळून टाकलेले कापड उत्तम ठरेल. वापरणाऱ्याने मात्र ते महिनोन्‌महिने गोळ्यांसकट अंगावर वागवलेले असेल. म्हणून मार्टिनडेल पद्धतीत १२५, ५००, १,०००, २,००० अशा टप्प्यांवर यंत्र थांबवून तुकडा पाहतात. पहिला टप्पा अवघ्या अडीच-तीन मिनिटांत येतो आणि पुष्कळदा कापडाचा स्वभाव तेव्हाच उघड होतो.

दुसरी मेख धुण्यात आहे. दुकानात हाताला मऊ, लोण्यासारखे लागणारे कापड अधिक चांगले, असा समज आहे. कापड मऊ करण्यासाठी लावलेल्या सिलिकॉनसारख्या द्रव्यांनी तंतू परस्परांवरून सहज घसरू लागतात आणि सुतातून अधिक लवकर बाहेर येतात, म्हणजे मऊपणा बहुधा गोळ्यांना आमंत्रणच देतो. याउलट काही कापडांवर चिकट लेप देऊन लव तात्पुरती दाबून ठेवलेली असते. असे कापड कोरे असताना तपासले तर चार-साडेचार गुण सहज मिळवते. काही धुण्यांत लेप निघून गेला की तेच दोनवर येते. चाचणीपूर्वी कापड ठरावीक वेळा धुवून घेण्याची सोय मानकांत आहे, आणि गणवेशासारख्या रोज धुतल्या जाणाऱ्या कपड्यासाठी धुतल्यानंतरचा गुण हाच खरा मानायला हवा.

टिकाऊ उपाय कारखान्यातच करावे लागतात. सुताला पीळ थोडा अधिक दिला तर तंतू घट्ट धरले जातात, पण कापड कडक लागते. हवेच्या झोताने कातलेल्या सुतावर मोकळी टोके मुळातच कमी असतात. विणून झालेले कापड गॅसच्या ज्योतीवरून वेगाने नेऊन वरची लव जाळून टाकण्याची रीत जुनी आणि खात्रीची आहे. पॉलिएस्टरच्या बाबतीत मात्र ज्वाला जास्त झाली तर टोके वितळून त्यांचे टणक मणी बनतात आणि रंगाई बिघडते. कापसाच्या व व्हिस्कोसच्या कापडाला सेल्युलेज नावाच्या विकराची प्रक्रिया देतात. हे विकर बाहेर आलेली टोके कमकुवत करते आणि ती घुसळणीत तुटून जातात. पॉलिएस्टर बनवणाऱ्यांनी तर उलट दिशेने विचार केला. त्यांनी मुद्दाम थोडा कमी बळकट तंतू तयार केला, जेणेकरून गोळी बनलीच तर ती गळूनही पडेल. ‘लो-पिल’ पॉलिएस्टर म्हणून तो ओळखला जातो. चिवटपणा विकणाऱ्या उद्योगाला अखेर चिवटपणा थोडा कमी करावा लागला, तो असा.

घरी काय करावे, याला थोडक्यात उत्तर आहे. कपडा उलटा करून धुवावा, चेन आणि हूक लावून घ्यावेत, टॉवेल किंवा जीन्ससारख्या खरखरीत कपड्यांबरोबर तो यंत्रात टाकू नये. आलेल्या गोळ्या ओढू नयेत. बॅटरीवर चालणाऱ्या लहान यंत्राने किंवा हलक्या हाताने पात्याने कापाव्यात. याने गोळ्या कमी होतील, पण वाईट कापड चांगले होणार नाही.

निवड होते ती त्याआधी. गोव्यातील अनेक शाळांत गणवेशाचा रंग आणि नमुना व्यवस्थापन ठरवते, पुरवठादार ठरलेला असतो आणि पालक-शिक्षक संघासमोर येतो तो कापडाचा एक वीतभर तुकडा आणि दर. तो तुकडा हातावर चोळून पाहणे हा चाचणीचा पर्याय नव्हे. चोळण्याने फार तर लव उठते, गोळी बनायला तास लागतात. मुंबईत वस्त्र समितीच्या प्रयोगशाळा आहेत, १९५४ पासून कार्यरत असलेली बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन आहे. शेकडो मुलांसाठी एकगठ्ठा कापड विकणाऱ्या पुरवठादाराला अशा एखाद्या प्रयोगशाळेचा अहवाल मागणे अवघड नाही, आणि चांगला माल विकणाऱ्याला तो दाखवण्यात अडचण असण्याचे कारण नाही.

अहवाल हाती आला की चार गोष्टी पाहाव्यात. चाचणी कोणत्या पद्धतीने झाली, म्हणजे पेटी, मार्टिनडेल की दंडगोल. फेऱ्या किती आणि मधल्या टप्प्यांचे गुण दिले आहेत का. चाचणी कोऱ्या कापडावर झाली की धुतलेल्या. आणि तपासलेला नमुना विक्रीच्या त्याच कापडाचा आहे का. मिश्रणाचे प्रमाण आणि सुताचा काउंट ठाणाच्या काठावरील मजकुराशी जुळवून पाहता येतो. या चार जागा रिकाम्या ठेवून नुसताच ‘उत्तम’ असा शेरा मारलेला असेल, तर तो कागद परत देऊन पूर्ण अहवाल मागवावा.